घर कीं शाळा?

(ज्युबिली वर्षानिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त आजवर या मंडपांत जीं भाषणें झालीं, त्यांत देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं दिली, शाळेच्या पहिल्या वर्गाला कोणाच्या ओटीवर जागा मिळाली, यांचें स्मरण आपण कृतज्ञतेनें केलें. तें योग्यच होतें. परंतु ज्युबिली म्हणजे केवळ मागें वळून पाहणें नव्हे. जुन्या करारांत ज्युबिलीचें वर्ष हें ज्याचें जें हातचें गेलें असेल तें त्याला परत देण्याचें वर्ष सांगितलें आहे. म्हणून मला बोलावयास सांगितलें तेव्हां मीं असा विषय निवडला, कीं ज्यांत आपल्याकडून कांहीं परत करावयाचें राहिलें आहे.

गेल्या कांहीं महिन्यांत तीन घरचे आईबाप निरनिराळ्या वेळीं मजकडे येऊन गेले. एका घरचें मूल चालूं शकत नाहीं. दुसऱ्या घरचें मूल चालतें, धांवतें, पण कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाहीं आणि बोलत नाहीं. तिसऱ्या घरचा मुलगा बोलण्यांत चतुर आहे, परंतु पुस्तक उघडलें कीं अक्षरें त्याच्यापुढें नाचूं लागतात. तिघांची अडचण निराळी, पण प्रश्न एकच: "फादर, याला शाळेंत घालूं, कीं घरींच शिकवूं?"

मी वैद्य नाहीं, आणि विशेष शिक्षणाचें शास्त्र शिकलेला शिक्षकहि नाहीं. परंतु धर्मगुरुपदाची दीक्षा घेतल्यापासून जवळजवळ तीस वर्षें मी शाळांच्या सहवासांत आहें. त्या काळांत जें पाहिलें आणि ज्यांत मी स्वतः चुकलों, तें आज आपणांपुढें ठेवितों. चुकलों तेंच आधीं सांगतों. कारण त्यांतूनच मला पुढचें शिकावयास मिळालें.

वीसएक वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों. तेथील शाळेचा व्यवस्थापक या नात्यानें प्रवेशाचीं गाऱ्हाणीं मजपुढें येत. जून महिन्यांत एक बाई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाचें बोलणें अस्पष्ट होतें. हांक मारली तर कधीं वळून पाही, कधीं पाहत नसे. एका जागीं बसणें त्याला ठाऊक नव्हतें. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वर्गांत साठ मुलें आहेत, याच्यामागें कोण धांवणार?" तेंहि खोटें नव्हतें. मीं त्या बाईला बसविलें, पाणी दिलें आणि गोड शब्दांत सांगितलें, "बाई, आईसारखा गुरु नाहीं. याला घरींच ठेवा. घर हीच याची शाळा." आईबाप हेच मुलाचे पहिले शिक्षक होत, ही ख्रिस्तसभेची शिकवणहि मीं तिला ऐकविली. "बरें, फादर," असें म्हणून ती मुलाचा हात धरून निघून गेली. मला वाटलें, मीं तिचें समाधान केलें. खरें पाहतां मीं शाळेची सोय केली होती.

सहा वर्षांनीं घरोघर आशीर्वाद देत फिरतांना मी त्या घरीं गेलों. मुलगा तेरा वर्षांचा झाला होता. पडवींत टेलिव्हिजनपुढें बसला होता. त्याला स्वतःचें नांव लिहितां येत नव्हतें. सदऱ्याचीं बटणेंसुद्धां आई लावीत असे. मीं विचारलें, "याला कांहीं शिकविलें नाहीं का?" ती बाई शांतपणें म्हणाली, "फादर, तुम्हीं घरीं ठेवायला सांगितलें. घरीं काय करायचें, तें कुठें सांगितलें?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या सहा वर्षांत मी त्या घरावरून किती वेळां गेलों असेन, पण आंत शिरून एकदांहि विचारपूस केली नव्हती. पुढें एका सिस्टरांनीं आग्रह धरून त्या मुलाचे कान तपासविले. तेव्हां कळलें कीं त्याला लहानपणापासून फार कमी ऐकूं येतें. मुलगा मंद नव्हताच. त्याला आमचे शब्दच पोंचत नव्हते. कानाला यंत्र बसलें, कांहीं सुधारणाहि झाली. परंतु भाषा रुजण्याचीं कोंवळीं वर्षें निघून गेलीं होतीं. तीं परत आणून देणें कोणाच्याहि हातीं नव्हतें. प्रवेशाच्या दिवशीं आम्ही तिघें मोठीं माणसें त्या खोलींत होतों, आणि याला नीट ऐकूं येतें का, एवढा साधा प्रश्न आमच्यांतील एकाच्याहि मनांत आला नाहीं.

या हकीकतींतून मी दोन गोष्टी शिकलों. पहिली ही, कीं घर कीं शाळा हा दुसरा प्रश्न आहे; या मुलाला नेमकें काय होतें आहे, हा पहिला. दुसरी ही, कीं मुलाला नुसतें घरीं ठेवणें म्हणजे घरीं शिकविणें नव्हे. आणि त्याच न्यायानें, मुलाला शाळेंत नुसतें बसविणें म्हणजे शाळेंत शिकविणेंहि नव्हे.

पहिल्या गोष्टीविषयीं थोडें अधिक बोलतों. मूल बोलण्यांत, चालण्यांत वा शिकण्यांत मागें पडत आहे अशी शंका येतांच त्याचे कान व डोळे तपासून घ्यावेत, आणि मग बुद्धीविषयीं बोलावें. "मुलगे उशीरांच बोलतात," "याचा आजाहि असाच होता," असें म्हणत आपण वर्षें घालवितों. २०१६ सालच्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें एकवीस प्रकारचीं दिव्यांगत्वें मानलीं आहेत. त्यांत अंधत्व व बहिरेपणा तर आहेच, पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि वाचनलेखनाची विशिष्ट अडचण हींहि आहेत. सरकारी रुग्णालयांत तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतें. पुष्कळ आईबाप तें घेण्यास कचरतात. उद्यां धाकट्या बहिणीचें लग्न जमतांना लोक काय म्हणतील, अशी भीति त्यांना वाटते. मी त्यांना विनवून सांगतों, कीं तें प्रमाणपत्र म्हणजे मुलाच्या कपाळावर मारलेला शिक्का नव्हे. परीक्षेंत जादा वेळ मिळावा, लेखनिक मिळावा, दुसऱ्या वा तिसऱ्या भाषेंतून सूट मिळावी, यासाठीं तोच कागद दाखवावा लागतो. आणि हें कोणाच्या पापाचें फळ, असा प्रश्न जर कोणीं विचारला, तर शिष्यांनीं तोच प्रश्न जन्मांध माणसाविषयीं प्रभूला विचारला होता, आणि प्रभूनें त्याचें उत्तर स्पष्ट शब्दांत नकारार्थी दिलें, एवढें ध्यानांत ठेवावें.

आतां घर आणि शाळा यांविषयीं ख्रिस्तसभा काय सांगते तें पाहूं. १९८३च्या धर्मविधिसंहितेंतील ७९३व्या कलमाप्रमाणें मुलांना शिक्षण देण्याचें कर्तव्य व हक्क आईबापांचा आहे, आणि त्यासाठीं साधन निवडण्याचा अधिकारहि त्यांचाच. पुढें ७९६व्या कलमांत असें म्हटलें आहे, कीं या कामीं आईबापांस मुख्य साहाय्य शाळेचें होतें. हीं दोन कलमें जोडूनच वाचावयाचीं असतात. मीं त्या बाईला पहिलें ऐकविलें आणि दुसरें गाळलें. आईबाप हे पहिले शिक्षक खरे, पण त्यांनीं एकट्यानेंच शिकवावें, असें ख्रिस्तसभेनें कोठेंहि म्हटलेलें नाहीं.

इतिहासाकडे पाहतांहि असेंच दिसतें. आंधळ्यांची लिपि ज्यानें शोधिली त्या लुई ब्रेलची गोष्ट तुम्हांपैकीं कांहींना ठाऊक असेल. १८०९ सालीं फ्रान्समधील कूव्रे या खेड्यांत एका खोगीर करणाऱ्याच्या घरीं तो जन्मला. तीन वर्षांचा असतांना बापाच्या कारखान्यांतील हत्यार डोळ्याला लागलें, आणि थोड्याच काळांत दोन्हीं डोळ्यांची दृष्टि गेली. बापानें त्याला कोपऱ्यांत बसविलें नाहीं. घरांत, अंगणांत, कारखान्यांत वावरावयास आणि हातांनीं काम करावयास त्यानें त्याला शिकविलें. पुढें गांवच्या धर्मगुरूनें, आबे पाल्युई यानें, त्याला आपल्याकडे बोलावून शिकविण्यास आरंभ केला, आणि मग गांवच्या साध्या शाळेंत इतर मुलांबरोबर बसविलें. तेथें तो ऐकून ऐकून पुढें गेला. पण ऐकून लिहितां वाचतां कसें येणार? म्हणून १८१९ सालीं, दहा वर्षांचा असतांना, त्याला पॅरिसच्या अंधशाळेंत धाडण्यांत आलें, आणि तेथेंच पंधराव्या वर्षीं त्यानें उठावाच्या सहा ठिपक्यांची लिपि सिद्ध केली.

यांत काय दिसतें तें पहा. त्या एकाच मुलाला आधीं घर लागलें, मग गांवची शाळा लागली, आणि शेवटीं विशेष शाळा लागली. प्रत्येक निर्णय आपापल्या वेळीं बरोबर होता. पाल्युई यानें जर त्याला "घरींच रहा" म्हटलें असतें, किंवा गांवच्या शाळेनें "आमच्याकडे आहे तेवढें पुरे" म्हटलें असतें, तर जगांतील आंधळ्यांस आपली लिपि मिळाली नसती.

पॅरिसमध्येंच १७६०च्या सुमारास आबे द लेपे या धर्मगुरूची गांठ दोन बहिऱ्या जुळ्या बहिणींशीं पडली. त्यांना तो शिकवूं लागला, आणि त्या दोघींपासून आरंभ होऊन त्याच्या राहत्या घरीं बहिऱ्यांची विनामूल्य शाळा उभी राहिली. आपल्या मुंबईंत १८८५च्या सुमारास मूकबधिरांची शाळा काढण्यांत बिशप लिओ म्यूरिन यांनीं पुढाकार घेतला. ती हिंदुस्थानांतील अशा पहिल्या शाळांत गणली जाते. आणि १९४४ सालीं मुंबईच्या वकील नांवाच्या पारशी दांपत्यानें, डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीला योग्य शाळा मिळेना म्हणून, स्वतःच्या घरांत दोनचार मुलांसह शिकविण्यास प्रारंभ केला. तीच आज जय वकील शाळा म्हणून नांवारूपाला आली आहे. याचा अर्थ असा, कीं ज्या घरानें दार उघडें ठेविलें तें घर पुढें शाळा झालें. दार लावून घेतलेल्या घरांतून मात्र कांहींच निघालें नाहीं.

आतां कायदा काय म्हणतो तें थोडक्यांत सांगतों, कारण पुष्कळांना तें ठाऊक नसतें. २०१६च्या कायद्यानें, ज्याचें दिव्यांगत्व शेंकडा चाळीस वा अधिक ठरलें आहे अशा सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला, जवळच्या शाळेंत किंवा पसंतीच्या विशेष शाळेंत विनामूल्य शिकण्याचा हक्क आहे. ज्यांचें दिव्यांगत्व तीव्र वा एकाहून अधिक प्रकारचें आहे, त्यांना घरीं राहून शिक्षण घेण्याचाहि पर्याय शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती करून दिला गेला. समग्र शिक्षा योजनेखालीं अशा मुलांच्या घरीं विशेष शिक्षकानें जाऊन शिकविण्याची तरतूद आहे. तिची चौकशी तालुक्याच्या गटसाधन केंद्रांत करावी. ज्याला शाळेची चाकोरी झेपत नाहीं, पण जो अभ्यास करूं शकतो, त्याच्यासाठीं १९८९ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तेथें दहावीचे विषय पांच वर्षांत नऊ संधींमध्यें थोडे थोडे करून पुरे करतां येतात. सारांश, सरकारनें एकच दार ठेविलेलें नाहीं. आपणच एक दार लागलेलें पाहून माघारीं फिरतों.

मग निवड कशी करावी? मी दोन्हीं बाजू मांडतों.

शाळेच्या बाजूनें पहिलें कारण संगतीचें. मूल मुलांकडून जें शिकतें तें आई कितीहि हुशार असली तरी शिकवूं शकत नाहीं. आपली पाळी येईपर्यंत थांबणें, डबा वाटून खाणें, भांडणें आणि पुन्हा गट्टी करणें, परक्या माणसाला आपलें म्हणणें समजाविणें, हें सारें शाळेंत होतें. दुसरें कारण असें, कीं इतर मुलांनाहि त्याचा लाभ होतो. ज्यांच्या बांकावर असें मूल बसलें, तीं मुलें मोठेपणीं अशा माणसाला पाहून तोंड फिरवीत नाहींत. तिसरें कारण आईचें. दिवसाचे चोवीस तास एकाच मुलाशीं बांधलेली आई लवकर थकते. तिची नोकरी जाते, झोंप जाते, आणि घरांतील इतर मुलें न बोलतां दुरावतात.

घराच्या बाजूनेंहि सबळ कारणें आहेत. घरीं मुलाची गति हीच शिक्षणाची गति होते. तेथें घंटा नाहीं, गोंगाट नाहीं, चिडविणें नाहीं. ज्या मुलाला वारंवार आंकडी येते, ज्याला नळीनें अन्न द्यावें लागतें, किंवा ज्याच्या मनाला वर्गांतील गलबला सोसत नाहीं, त्याला तेथें रोज ढकलणें हें शिक्षण नव्हे. शिवाय अशा मुलांस जें सर्वांत आधीं यावयास पाहिजे, म्हणजे अंघोळ करणें, कपडे घालणें, जेवणें, शौचास जाऊन स्वच्छ होणें, पैसे ओळखणें, रस्ता ओलांडणें, तें घरांत व वाडींतच उत्तम शिकवितां येतें.

याचें एक उदाहरण देतों. त्या घराची ओळख पटूं नये म्हणून तपशील थोडा बदलला आहे. एक स्वमग्न मुलगी एका मोठ्या शाळेंत जात असे. घंटा वाजली कीं ती कानांवर हात दाबून किंचाळे. मुलें हंसत. घरीं येई तों कपडे ओले झालेले असत, आणि स्वतःच्या मनगटाला चावल्याचे वळ दिसत. आईबापांनीं दोन वर्षें सोसलें, कारण शाळा नांवाजलेली होती. शेवटीं त्यांनीं तिला काढून घेतलें. लोकांनीं नांवें ठेविलीं. परंतु त्या आईनें भिंतीवर दिवसाचें वेळापत्रक चित्रांनीं काढलें: उठणें, दांत घांसणें, न्याहारी, काम, खेळ. आजीपाशीं बसून ती मुलगी वाल सोलूं लागली; सोलतां सोलतां दहा दहाचे ढीग करूं लागली. त्यांतून मोजणें आलें. बापाबरोबर मळ्यांत जाऊन केळीच्या फण्या मोजणें आलें. विशेष शिक्षिका आठवड्यांतून दोनदां येई आणि पुढें काय करावें तें आईला दाखवून जाई. दोन वर्षांनीं तीच मुलगी लहानशा विशेष शाळेंत आनंदानें जाऊं लागली. रविवारीं मिस्सेपूर्वीं बांकांवर गीतांचीं पुस्तकें मांडून ठेवण्याचें काम तिनें आपण होऊन घेतलें, आणि एकहि बांक ती कधीं विसरली नाहीं.

पहिला मुलगा घरीं राहून वाया गेला, ही मुलगी घरीं राहून सांवरली. मग फरक कोठें पडला? घर दोहोंकडे होतें, आणि मायाहि दोहोंकडे होती. पण दुसऱ्या घरीं तपासणी झाली होती, रोजचा क्रम होता, वाट दाखविणारें जाणतें माणूस होतें, आणि पुन्हा बाहेर जाण्याचा बेत होता. पहिल्या घरीं यांतील एकहि गोष्ट नव्हती. आणि ती नव्हती याचा दोष त्या आईकडे जात नाहीं.

म्हणून, आईबापांनो, निर्णय करण्यापूर्वीं चार प्रश्न स्वतःला विचारा, आणि कुम्सारांत बसल्याप्रमाणें खरें उत्तर द्या.

पहिला प्रश्न: मुलाला घरीं ठेवतों आहों तें त्याच्या भल्यासाठीं, कीं पाहुणे आले असतां त्याला मागील खोलींत पाठवितों त्याच लाजेनें? आणि शाळेंत घालतों आहों तें त्याच्या भल्यासाठीं, कीं "आमचा मुलगा अमुक शाळेंत जातो" असें सांगतां यावें म्हणून?

दुसरा प्रश्न: तो जेथें आहे तेथें गेल्या तीन महिन्यांत नवें काय शिकला? शेवटच्या बांकावर वहींत रेघोट्या मारीत बसणें आणि पडवींत मोबाईल पाहत बसणें, या दोहोंत मला अंतर दिसत नाहीं.

तिसरा प्रश्न: मुलाचें शरीर काय सांगतें? जें बोलूं शकत नाहीं तें मूल झोंप उडवून, जेवण टाकून, अंथरूण ओलें करून, रोज सकाळीं पोटांत दुखतें म्हणून सांगतें. त्या बोलण्याकडे दुर्लक्ष करूं नका. अंगावर वळ दिसले तर गप्प बसूं नका, मग ती शाळा आमची असो वा दुसऱ्याची.

चौथा प्रश्न: शिकविणाऱ्याच्या अंगांत त्राण आहे का? घरीं शिकविण्याचें ठरलें तर आईच्या मदतीला कोण? बाप रोज एक तास देईल का? हा भार आईनें एकटीनें वाहावयाचा असेल, तर तो निर्णय अर्धवट आहे.

या चार प्रश्नांचीं उत्तरें प्रत्येक वर्षीं मे महिन्यांत पुन्हा काढा. एकदां घेतलेला निर्णय जन्मभराचा नव्हे. मधल्या वाटाहि आहेत: कांहीं तास शाळा व कांहीं तास घर, आधीं विशेष शाळा, मग साधी शाळा, शाळा साधी, पण अभ्यास व परीक्षा मुलाच्या बेतानें. शाळा पाहावयास जाल तेव्हां इमारत पाहूं नका. असें मूल त्या वर्गांत आधीं आहे का, आणि त्याची बाई त्याला नांवानें हांक मारते का, तें पहा.

आतां शाळेविषयीं व धर्मग्रामाविषयीं बोलतों, कारण आजवर मीं सारा भार आईबापांवर टाकला तर तीच जुनी चूक पुन्हा होईल. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अल्पसंख्याकांच्या शाळांस शिक्षणहक्काच्या कायद्यांतून वगळणारा निर्णय दिला. त्या निर्णयाचा आधार घेऊन कोणी असें म्हणेल, कीं असें मूल घेण्याचें बंधन आम्हांवर नाहीं. त्याला माझें पहिलें उत्तर असें, कीं २०१६चा कायदा सरकारमान्य शाळांविषयीं बोलतो, आणि आपली शाळा सरकारमान्य आहे. दुसरें उत्तर असें, कीं ती मोकळीक आपली ओळख राखण्यासाठीं होती. आणि दुबळ्या मुलाला फाटकावरून परत पाठविणें ही जर आपली ओळख ठरली, तर ही ज्युबिली आपण कशासाठीं करीत आहों?

शिक्षकांचीहि बाजू मी जाणतों. साठ मुलांच्या वर्गांत एकटी बाई काय करणार? म्हणून मी त्यांना उपदेश करीत नाहीं; त्यांच्या हाताखालीं माणूस द्या, असें व्यवस्थापक मंडळाला सांगतों. त्या मंडळाचा अध्यक्ष मीच असल्यामुळें हें बोलणें मलाच लागू आहे.

ज्युबिलीच्या निमित्तानें मीं तीन गोष्टी ठरविल्या आहेत, आणि त्या या पुस्तिकेंत छापल्या जाव्यात अशी माझी इच्छा आहे, म्हणजे पुढच्या वर्षीं तुम्हांला मला जाब विचारतां येईल. एक, आपल्या शाळेंतून कोणतेंहि मूल त्याच्या दिव्यांगत्वाचें कारण सांगून परत जाणार नाहीं. एखाद्याला आपली शाळा खरोखर सोयीची नसेल, तर दुसरी सोय होईपर्यंत त्याचें नांव आमच्या यादींत राहील, आणि दर तीन महिन्यांनीं मी त्याच्या घरीं जाईन. शाळेच्या पायऱ्यांशेजारीं उतरण बांधावयाची आहे, आणि एक विशेष शिक्षक नेमावयाचा आहे. ज्युबिलीच्या निधींतील पहिली रक्कम मी त्यासाठीं मागतों, रोषणाईसाठीं मागत नाहीं.

दोन, धर्मशिक्षणाच्या वर्गांत कोणी वगळला जाणार नाहीं. शरीरानें वा मनानें दुबळ्या असलेल्यांस त्यांच्या शक्तीप्रमाणें धर्मशिक्षण मिळतें कीं नाहीं हें पाहणें, ही धर्मविधिसंहितेच्या ७७७व्या कलमानें धर्मगुरूवर टाकलेली जबाबदारी आहे. सोळाशेच्या पुढें मागें संत फ्रान्सिस द सालनें एका बहिऱ्या तरुणाला आपल्या घरीं ठेवून खुणांनीं धर्मशिक्षण दिलें आणि पवित्र ख्रिस्तप्रसादासाठीं सिद्ध केलें. चारशें वर्षांपूर्वीं जें झालें, तें आज आपणांस कां जमूं नये?

तीन, महिन्यांतून एक रविवार दुपारीं चार तास अशा मुलांना सांभाळण्यासाठीं तरुण मंडळींनीं सभागृहांत बसावें. तेवढ्या वेळांत आई बाजारांत जावो, माहेरीं जावो, किंवा नुसती झोंपो.

शेवटीं एक प्रश्न राहतो. तो या आईबापांनीं मला कधीं मोठ्यानें विचारला नाहीं, पण त्यांच्या डोळ्यांत मीं तो नेहमीं पाहिला आहे: "आम्ही गेल्यावर याचें कसें?" १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक वा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या माणसाला अठरा वर्षांनंतर पालक नेमून मिळूं शकतो, त्यासाठीं जिल्ह्याला समिति असते. तो अर्ज वेळेवर करावा. पण कागदावरचा पालक पुरेसा नाहीं. ज्याला सारा वाडा नांवानें ओळखतो, ज्याच्याबरोबर शाळेंत बसलेलीं माणसें गांवांत आहेत, ज्याला रविवारीं देवळांत आपली जागा आहे, तो आईबापांच्या मागें एकटा पडत नाहीं. घर निवडा वा शाळा निवडा. ही ओळख त्याला मिळेल अशा बेतानें निवडा.

प्रभु येशू नाझरेथच्या घरांत वाढला, आणि बारा वर्षांचा असतांना मंदिरांत पंडितांमध्यें बसून ऐकत व प्रश्न विचारीत असतांना सांपडला. त्याला घरहि लाभलें आणि घराबाहेरचे गुरुहि लाभले. आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक मुलाला, मग तें चालो वा न चालो, बोलो वा न बोलो, हीं दोन्हीं लाभावींत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों. सभा संपल्यावर मी ऑफिसांत थांबणार आहें. ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं मुलाला बरोबर घेऊन यावें.